लंडनला जाताना उतार लागतो

माझ्याच बर्थवर मांडी ठोकून बसलेल्या माणसाने माझ्याच तिकिटावरून मला अडाणी ठरवलं, याचा राग अजून पुरता गेलेला नाही. मुलाकडे लंडनला निघालो होतो. विमान मुंबईहून दुपारी एकचं, म्हणून जळगावहून आदल्या रात्रीची गाडी धरली. पाचोऱ्याला आप्पा चढले. भडगावकडचे, पांढरी टोपी, आणि आमच्या बिबड्यांच्या पिशवीवर पहिल्या मिनिटापासून नजर.

"भाऊ, लंडन कितलं लांब शे?"

"मुंबईहून 7,200 किलोमीटर. साडेनऊ तास."

"तिकीट दखाडा."

दाखवलं. आप्पांनी चष्मा पुसला, बोटं मोजली आणि डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दुपारले एकले निंघस, संध्याकायले सहाले पोचस. पाच तास! आनी आपली गाडी मुंबईले सात तास. मंग लंडन जवय शे ना!"

समोरचा पोरगा फिदीफिदी हसला. मी मास्तरकीला लागलो. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. आप्पांनी शांतपणे परतीचं तिकीट मागितलं.

"रातले नऊले निंघस, दुसरा दिन साडेदहाले पोचस. साडेतेरा तास! म्हंजे जाताना उतार, येताना चढ."

खरं तर नेमकं उलट. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा सुसाट वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीशी असतो. म्हणून परतीला वेळ कमी लागतो. शिवाय मध्ये कुणाची हवाई हद्द बंद असली की वळसा आला. हे सगळं मी सांगितलं, हातवारे करून सांगितलं.

"वारा माले नका सांगू," आप्पा म्हणाले. "मन्ही केळी आडवी करी टाकी वारानी."

यावर काय बोलणार? अख्ख्या डब्याने केळीबद्दल हळहळ व्यक्त केली. आमच्या हिने तर पिशवी उघडून आप्पांना बिबड्या दिल्या. मला म्हणाली, "त्यांचं बरोबर वाटतंय. छापील आहे ना तिकिटावर?"

आता हिशेब माझाही ऐका. जळगाव ते मुंबई 420 किलोमीटर. लंडन त्याच्या सतरा पट लांब, पण वेळ दीडपटही नाही. जळगावला विमानतळ आहे हो, 2012 साली राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं त्याचं. पण विमानं कधी सुरू, कधी बंद. आणि सुरू असली तरी त्यांची वेळ पुढच्या विमानाशी जुळायची म्हणजे छत्तीस गुणांची पत्रिका. त्यामुळे सुटकेसवर डोकं टेकून, इगतपुरीला गाडी का थांबली याचा विचार करत, रात्र काढायची. जगाच्या नकाशावर खानदेश लंडनहून लांब नाही, तो मुंबईहून लांब आहे. कुणाला सांगणार? सांगितलं तर म्हणतात, लंडनला निघालात आणि तक्रार कसली करता?

कल्याणला आप्पा उतरले. खिडकीतून आत वाकून हिला म्हणाले, "ताई, येताना डबा मोठा ल्या. चढ शे."

परतीच्या प्रवासात हिने सुनेकडून वीस पोळ्या करून घेतल्या. विमान पाऊण तास आधीच उतरलं.