खुलासा: डॅनिश आणि बास्क वंशाच्या अमेरिकनांबद्दल

‘अमेरिकेतले डॅनिश वंशाचे लोक डेन्मार्कमधल्यांपेक्षा जास्त कमावतात, बास्क वंशाचेही स्पेनपेक्षा पुढे, म्हणजे यश रक्तातच असतं,’ असा मजकूर फिरतोय. (बास्क म्हणजे स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या प्रदेशातला एक समाज.) आकडे अगदीच हवेतले नाहीत, निष्कर्ष मात्र आहे.

अमेरिकेत वंशाची नोंद ज्याने-त्याने सांगितल्याप्रमाणे होते. चार-पाच पिढ्यांपूर्वीचा एखादा पणजोबा डॅनिश, बाकी जर्मन-आयरिश, तरी माणूस ‘डॅनिश’ मोजला जाऊ शकतो. डेन्मार्कमध्ये कर जास्त, पण दवाखाना आणि विद्यापीठाची फी त्यातच भागते. नुसत्या पगाराच्या तुलनेत हे दिसत नाही.

मुळात दोन्ही समाज आले वेगवेगळ्या वाटांनी. आयोवा-नेब्रास्कात डॅनिश लोक बरेचदा कुटुंबकबिल्यासह आले आणि 1862 च्या होमस्टेड कायद्यामुळे शेतकऱ्याला 160 एकर जमीन मिळू शकत होती. आयडाहो-नेवाडात आलेले बास्क बहुतांशी अविवाहित तरुण. महिनोनमहिने डोंगरात एकटे मेंढ्या राखायचे आणि शहरातल्या बास्क खाणावळींत उतरायचे. सरकारी कुरणं आयती वापरणाऱ्या या फिरत्या मेंढपाळांची वाट 1934 च्या टेलर चराई कायद्याने जवळपास बंद केली. तरीही मेंढपाळाचा मुलगा पॉल लॅक्साल्ट 1967 मध्ये नेवाडाचा गव्हर्नर झाला. रक्त तेच, मग बापाच्या वाट्याला मेंढ्याच का आल्या?

आणि बास्कांची तुलना अख्ख्या स्पेनशी कशाला? बिल्बाओ शहर ज्यात येतं तो स्पेनमधला बास्क प्रदेश दरडोई उत्पन्नात स्पेनमधल्या सर्वांत श्रीमंत प्रदेशांपैकी आहे. त्या मजकुरात हे सोयीस्करपणे गाळलंय.