कुंभाराच्या लेकीला कळणार नाही?
सोहनी-महिवाल ही पंजाबातली प्रेमकथा. सोहनी रात्री पक्क्या घड्याच्या आधारानं चिनाब नदी पोहून महिवालला भेटायला जायची; एकदा नणंदेनं त्या जागी कच्चा घडा ठेवला, तो पाण्यात विरघळला नि ती बुडाली. या कथेवरच्या गाण्यातला कच्चा घडा म्हणजे कच्चा गुरू, असा अर्थ एका लेखात लावलाय. पटला, पण अर्धाच. आमचं घर कुंभाराचं, पवनीजवळ, वैनगंगेच्या काठावर. आव्यातून (कुंभाराच्या भट्टीतून) निघालेल्या मडक्याला टिचकी मारली की खणकन वाजते. कच्चं नुसतं थप्प करते, हाताला गार लागते. आमची सहा वर्षांची पोरगी डोळे मिटून सांगते. सोहनी तर गुजरातच्या (आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातलं गुजरात, आपल्या शेजारचं नव्हे) कुंभाराची लेक. नणंदेनं घडा बदलला हे अंधारातही हात लावताच कळलं असणार तिला. तरी चिनाबेत उतरली. म्हणून गाण्यात ती घड्याशी बोलते ते मला फसलेल्या बाईचं रडणं वाटतच नाही. आजी मात्र अजून नणंदेलाच शिव्या घालते.