आत्याच्या भिशी ग्रुपवरचे जादूचे मोजे

बेळगावात शहापूरला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या भिशी ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज आला, तोच मग आमच्या फॅमिली ग्रुपवर, मग कंपनीच्या ग्रुपवर, आणि काल एकानं परत मलाच पाठवला, वर 'खूप उपयोगी' लिहून. म्हणून आता लिहायला बसलोय. मेसेज थोडक्यात असा: कंप्रेशन सॉक्स, म्हणजे पायाला दाब देणारे गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे, हे डॉक्टर लपवून ठेवतात ते गुपित. १) जितके घट्ट तितके चांगले. २) फ्री साइज, कुणालाही बसतात. ३) रात्री घालून झोपा, सकाळपर्यंत पायातलं खराब रक्त वर. ४) शुगरवाल्यांनी तर चोवीस तास घाला, मुंग्या आणि बधिरपणा जातो. ५) २१ दिवसांत फुगलेल्या शिरा गायब. ६) पळणाऱ्यांचा स्पीड वाढतो. ७) विमानात-बसमध्ये घातले की पायात रक्ताची गाठ होत नाही. खाली कुण्या पेशंटच्या पायाचा फोटो, आणि १० जणांना पाठवा.

मी मोज्यांच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. उद्यमबागेत आठ-आठ तास मशीनसमोर उभा असतो, स्वतः वापरतो, संध्याकाळी पाय कमी जड होतात. म्हणूनच डोकं जास्त फिरतं.

नंबरानं जात नाही, चौथ्यापासूनच धरतो.

आत्याला शुगर होऊन पंधराएक वर्षं झाली. मेसेज वाचून तिनं बाजारातनं एक जोड आणला, विकणारा म्हणाला "बिगी इरबेक्री", घट्टच पाहिजे, झालं. तीन दिवस तीन रात्री अंगावर. वरची कड गुंडाळून खाली येत होती म्हणून बाईनं ती गुडघ्याखाली दोनदा दुमडून ठेवलेली, म्हणजे तिथं दाब दुपटीच्या वर. चौथ्या दिवशी मी गेलो तर खुश होती, "बघ की रे, किती हलकं वाटायलंय." मोजा काढला तर सुतळी आवळून बांधावी तसा गुडघ्याखाली वळ, आणि करंगळीजवळ जिथं आतली शिलाई घासत होती तिथं रुपयाएवढा फोड, फुटलेला, मोज्याला चिकटून बसलेला. तिला पत्ताच नाही. दुखतच नव्हतं ना.

तसाच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड दोरा काढला, मासे पकडायच्या गळाला असतो तसला, आणि आत्याला डोळे मिटायला सांगून तळव्याला टेकवत गेले, कळलं की सांगा म्हणाले. तीन-चार ठिकाणी टेकवून झालं आणि ही म्हणते, "टोचा की आता." मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

तर मुद्दा हा की शुगरमध्ये मुंग्या येतात त्या मज्जातंतू खराब झाल्यानं, आणि वरून आवळून मज्जातंतू दुरुस्त होत नाहीत. आवळल्यावर "हलकं वाटायलंय" म्हणणाऱ्या पायाला काही वाटतच नसतं हे त्या मेसेजवाल्याला कोण सांगणार. आणि यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे जुन्या शुगरमध्ये पायाकडं रक्त आणणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. मोज्याचं काम काय, तर रक्त परत वर नेणाऱ्या शिरांना आधार द्यायचा. खाली येणारंच रक्त कमी असेल तर तुम्ही आवळून तेही अडवता. यासाठी हाताचं आणि घोट्याचं बीपी घेऊन तुलना करतात, साधी तपासणी आहे. शुगरवाल्या सगळ्यांना बंदी असं नाही, पण ती तपासणी आधी, मोजा नंतर. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनाही हेच लागू, धमन्या त्यांच्याही अरुंद होतात. बिडी-तंबाखूचं निपाणी आपल्यापासनं लांब नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

तिसरा मुद्दा त्या फोटोमुळं आलाय असं मला वाटतं. फोटोतले पांढरे, पुढं बोटांपाशी भोक असलेले मोजे हे ऑपरेशननंतर पडून असलेल्या पेशंटला घालतात, ते वेगळे आणि हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या माणसाचे वेगळे. त्या भोकाबद्दल मेसेज म्हणतो 'हवा खेळायला'! अरे बाबा, बोटांचा रंग बदलला का, गार पडली का हे नर्सला बघता यावं म्हणून असतं ते. तुम्ही-आम्ही आडवं झालो की पाय हृदयाच्या लेव्हलला येतात, रक्ताला वर चढायचंच नसतं, मग मोजा कशाला? सकाळी उठल्या उठल्या सूज यायच्या आधी घालायचा, झोपताना काढायचा. डॉक्टरांनीच रात्रीचा सांगितला असेल तर गोष्ट वेगळी. आणि 'खराब रक्त' म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही.

घट्ट आणि फ्री साइज हे दोन्ही एकच खोटं आहे. आमच्या बाबांचं आयुष्य वडगावात मागावर गेलं, त्यांना मेसेज वाचून दाखवला तर म्हणाले, "ताण किती ते नंतर, कुठं किती ते आधी सांग." बरोबर तेच. घोट्याला सगळ्यात जास्त, पोटरीकडं जाता जाता कमी, असा दाब पाहिजे. सरळ नळीसारखा विणलेला मोजा जाड पोटरीवर जास्त ताणला जातो, म्हणजे उलटंच, वर आवळतो आणि खाली ढिला. पाकिटावर दाब आकड्यात लिहिलेला असतो, बीपीचंच माप, मिलिमीटर पारा. उभ्याचं काम, प्रवास यासाठी १५ ते २० पुष्कळ झाला. २० ते ३० डॉक्टरांना विचारून, त्याच्या वर तर चिठ्ठीशिवाय नाहीच. 'हाय प्रेशर' लिहिलंय पण आकडा नाही, असं पाकीट परत ठेवा. माप सकाळी घ्यायचं: घोट्याच्या वर जिथं पाय सगळ्यात बारीक तिथं, पोटरी जिथं सगळ्यात जाड तिथं, आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत लांबी. शिवणाचा टेप चालतो. चपलेचा नंबर सांगून मागू नका. आणि चार-सहा महिन्यांत इलॅस्टिक ढिलं पडतं, मग तो साधा मोजा.

पाचवा. शिरा फुगतात कारण आतल्या झडपा नीट मिटत नाहीत. मोजा आहे तोवर ठणका आणि सूज कमी, काढला की शिरा आहेत तिथंच. २१ दिवस काय, २१ महिने घाला. बाबांच्या पायांकडं बघून सांगतोय.

सहावा, स्पीड. वॅक्सीन डेपोच्या मैदानावर सकाळी पळणारे आमचे मित्र गुडघ्यापर्यंत रंगीत मोजे घालून येतात, छान दिसतात. वेग वाढतो असं नीट काही सिद्ध झालेलं नाही, दुसऱ्या दिवशी पाय थोडे कमी दुखतात असं काहींना वाटतं. वाटत असेल तर घाला.

राहिला सातवा, आणि इथं मला जरा माघार घ्यावी लागते. लांबच्या विमान प्रवासावर कॉक्रेनचा (वेगवेगळे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा आहे, २०२१ मध्ये सुधारलेला. त्यातल्या २,६३७ प्रवाशांत ५० जणांच्या पायात तपासणीत गाठ सापडली, त्यातले ४७ मोजे न घातलेले आणि फक्त ३ घातलेले. फरक मोठा आहे, मान्य. पण त्या ५० पैकी एकालाही त्रास जाणवत नव्हता, म्हणजे मोज्यानं जीव वाचतो असं त्यावरनं म्हणता येत नाही, आणि 'होत नाही' आणि 'कमी होते' यातही फरक आहे. बेळगाव-मुंबई बस त्या अभ्यासात नव्हती. तरी रात्रभर पाय लोंबकळत बसायचंच आहे तर मीही घालतो, आणि ढाब्यावर खाली उतरून चार पावलं चालतो. आधी कधी गाठ झालेली, नुकतं ऑपरेशन झालेलं किंवा दिवस गेलेल्या बाईनं मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रवासाची तयारी करावी, मेसेजला विचारून नाही.

आत्याचा फोड भरायला पाच आठवडे लागले. हा मेसेज तुम्ही घरातल्या शुगरवाल्या कुणाला पाठवला असेल तर डिलीट करून उपयोग नाही, त्यांनी तो वाचलाय. फोन करा, आज रात्रीच मोजा काढायला सांगा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पाय उजेडात धरून बघायला लावा, बोटांच्या मधेसुद्धा. "दुखतंय का" असं विचारू नका.