मोठ्या थ्रॉटल बॉडीचे ते १५ एचपी येतात कुठून?

गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. सार असं: कंपनी खर्च वाचवायला लहान थ्रॉटल बॉडी (मधली चकती फिरली की इंजिनात हवा सोडणारी नळी) देते. ६० मिमीची काढून ७० मिमीची बसवा, क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं, १५ एचपी वाढलेच समजा. पिकअप पहिल्या दिवसापासून जाणवतो, ट्यूनिंग लागत नाही, मायलेजही सुधारतं. पटत नसेल तर रेसिंगमध्ये रेस्ट्रिक्टर, म्हणजे हवेची वाट मुद्दाम अरुंद करणारं तोंड, कशाला लावतात ते सांगा. आणि शेवटी हुकमी वाक्य: नाक चोंदलं असेल तर माणूस पळेल का?

३६ टक्के बरोबर आहेत. पण नाक चोंदलंय हे कोणी तपासलं?

दोन लिटरचं, टर्बो नसलेलं, १५० एचपीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन घ्या. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. म्हणजे ७००० आरपीएमला मिनिटाला साधारण सात हजार लिटर. ६० मिमीच्या तोंडातून ही हवा सेकंदाला ४१ मीटर वेगाने जाते. पूर्ण उघडल्यावरही मधला दांडा आणि चकती थोडी जागा खातात, ते धरलं तर ५० मीटर म्हणू. एवढ्या वेगापायी फार तर दीड किलोपास्कल दाब खर्ची पडतो. बाहेरच्या हवेचा दाब शंभरच्या घरात. ७० मिमीला हाच तोटा पाऊण किलोपास्कल होतो. म्हणजे वाचला पाऊण टक्का, १५० एचपीवर एखाद-सव्वा एचपी. तोही रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनच्या कमाल आरपीएमजवळ, एक्सलरेटर तळाला टेकलेला असताना. ३५०० आरपीएमला हवेचा वेग निम्मा आणि तोटा चौथा हिस्सा, तिथे शोधूनही काही सापडणार नाही.

रेस्ट्रिक्टरचा मुद्दा मात्र मला आवडतो, कारण तो मेसेजच्याच विरोधात जातो. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतल्या पेट्रोल गाड्यांना, आपल्याकडे फॉर्म्युला भारतमध्ये इंजिनिअरिंगची मुलं बनवतात त्यांनाही, सगळी हवा २० मिमीच्या गोल तोंडातून घ्यावी लागते. त्याचं क्षेत्रफळ ६० मिमीच्या बरोबर नववा हिस्सा. वरच्या आरपीएमला तिथे हवा आवाजाच्या वेगाला टेकते, आणि त्यापुढे कितीही ओढलं तरी जास्त हवा येत नाही. गळा आवळणं म्हणतात ते हे. यातल्या टर्बो नसलेल्या गाड्यांत रेस्ट्रिक्टरच्या आधी थ्रॉटल असतो, तो वाढवून पाहा काय फरक पडतो ते! रस्त्यावरच्या गाडीत हवा ५० मीटरने चाललीय, आवाजाचा वेग ३४० च्या पुढे. दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत.

मग पॉवर वाढल्याचे डायनोचे (पॉवर मोजायच्या यंत्राचे) ग्राफ खोटे का? खोटे नसतात, अर्धवट असतात. आत जाणारी हवा तीन अंशांनी तापली की तिची घनता एक टक्क्याने घटते. पहिला रन तापलेल्या बॉनेटखाली, दुसरा जेवणानंतर पंखा लावून, आत जाणारी हवा नऊ अंशांनी गार, की १५० एचपीच्या गाडीला चारेक एचपी फुकटात मिळाले. त्यात जुन्या थ्रॉटलवर काजळीचा थर, नव्याबरोबर नवा एअर फिल्टर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) रीसेट. यातलं श्रेय कुणाचं, हे ग्राफ सांगत नाही.

पिकअप जाणवतो हे मात्र खरं. एक्सलरेटर केबलने थ्रॉटलला जोडलेल्या गाडीत तर हमखास. चकती तेवढ्याच अंशांनी फिरली तरी मोठ्या तोंडात फट मोठी पडते, म्हणून पाव दाबल्यावर पूर्वी तिसरा हिस्सा दाबल्यावर जायची तेवढी हवा जाते. गाडी उसळते. पण पूर्ण दाबल्यावर हाती येतं ते पूर्वीचंच. फक्त हेच हवं असेल तर खुशाल बसवा, पण त्याला पॉवर म्हणू नका.

ट्यूनिंग लागत नाही, हा या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा दावा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत कोणत्या कोनाला किती हवा, याचा तक्ता ईसीयूत लिहिलेला असतो. तोंड बदललं की तक्ता चुकतो: आयडलिंग वरखाली, सिग्नलला आरपीएम चढलेला, कधी पी०५०७, म्हणजे आयडलिंगचा आरपीएम जास्त असल्याचा कोड. जुन्याच थ्रॉटलचं तोंड लेथवर वाढवून घेतात त्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. कंपनीची चकती बहुधा गोल नसते. ती बंद होताना नळीला काटकोनात न बसता काही अंश तिरकी बसते, म्हणून किंचित लंबगोल आणि कडेला उतार दिलेली असते. तिच्या जागी सपाट गोल चकती टाकली की एकतर ती अडकते किंवा फटीतून हवा गळते. अडकलेला थ्रॉटल म्हणजे काय, ते घाट उतरताना कळायला नको.

मायलेजचं दोन ओळींत. ताशी ८० ने जायला जेवढी हवा लागते तेवढीच लागते. तोंड मोठं तर तुम्ही ते कमी उघडता, बस्स.

याच्या उलट टोकाचे लोकही आहेत, मोठ्या थ्रॉटलने खालचा टॉर्क मरतो म्हणणारे. त्यांनी मॅनिफोल्डच्या (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) रनरमधल्या, म्हणजे नळ्यांमधल्या, आणि पोर्टमधल्या, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेतल्या, वेगाची गोष्ट उचलून थ्रॉटलला चिकटवलीय. रनर तेच असतील तर खालचा टॉर्क कुठे जात नाही.

टर्बो गाडीत, म्हणजे पोलो टीएसआय, ऑक्टाव्हिया आरएस वगैरे, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, ईसीयू सांभाळतो. थ्रॉटलपाशी थोडा दाब वाया गेला तर टर्बोवर जरा जास्त भार पडतो, एवढंच. तिथे पैसे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरवर घाला.

टर्बो नसेल आणि गाडीत मॅनिफोल्डच्या दाबाचा सेन्सर असेल तर निर्णय घरच्या घरी होतो. ओबीडी स्कॅनर (ईसीयूतले आकडे दाखवणारं उपकरण) लावा, इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा, दाब वाचा. मुंबईत १०१ च्या जवळ, पुण्यात ९५ च्या आसपास दिसेल. मग डायनोवर किंवा ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलने रेडलाइनपर्यंत न्या आणि तिथला आकडा पाहा. फरक दोन किलोपास्कल असेल, तर त्यात फिल्टर, पाइप आणि थ्रॉटल सगळे आले, खिसा बंद. पाच-सहा असेल तर डायनोवर एकदा फिल्टर काढून तोच रन घ्या. फरक मिटला तर दोषी फिल्टर बॉक्स. नाही मिटला, शिवाय हेड पोर्ट केलेलं (हवेच्या वाटा मोठ्या केलेलं), कॅम बदललेले, आठ हजारांच्या पुढे फिरवताय आणि मॅनिफोल्डचं तोंड थ्रॉटलपेक्षा मोठं आहे, तर ७० मिमीची घ्या. ट्यूनरची वेळ त्याच दिवशीची घ्या.