कोंबडीकडे अश्मयुगाचा दाखला मागणाऱ्यांना

पॅलिओ आहार, म्हणजे धान्य, दूध आणि साखर टाळून अश्मयुगातल्या माणसासारखं मांस, मासे, भाज्या, फळं खाणं. तो करणाऱ्यांमध्ये एक संदेश फिरतोय. त्याचा गोषवारा असा: आदिमानवाने कोंबडी खाल्लीच नव्हती; आजची कोंबडी धान्यावर वाढते, म्हणजे चिकन खाणं हे आडून धान्य खाणंच; त्यात ओमेगा-६ (एक प्रकारचं मेदाम्ल) ठासून भरलेलं असतं; आणि ती हार्मोन टोचून फुगवलेली असते. म्हणून चिकन बंद करा. अंगवळणी पडलेला चांगला आहार माणसं असल्या संदेशापायी सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो चटकन पटतो. पुराश्मयुग, म्हणजे अश्मयुगाचा शेतीआधीचा काळ, साधारण ११,७०० वर्षांपूर्वी संपलं. पाळीव कोंबडीची खात्रीची सर्वांत जुनी हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातली, असं २०२२ साली संशोधकांनी मांडलं. शेतातल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबडी माणसाजवळ आली असावी. इथवर मान्य. पण हीच फूटपट्टी सगळ्यांना लावली तर ताटात उरतं काय? गाय माणसाळली सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी, म्हणजे तीही पुराश्मयुगानंतरच. तिचा पूर्वज रानबैल तर १६२७ साली पोलंडमध्ये नामशेष झाला. कोबी, फ्लॉवर आणि ब्रोकोली ही एकाच रानवनस्पतीची शेतकऱ्यांनी घडवलेली रूपं. आजची गाय काय, कोबी काय, आदिमानवाच्या ओळखीचं यातलं काहीच नव्हतं.

मुळात पॅलिओची मांडणी प्राण्यांच्या यादीवर उभीच नाही. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी १९८५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जो लेख लिहिला, त्यात विचार होता तो शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्यांच्या अन्नात प्रथिनं, मेद, तंतू, मीठ किती असे याचा. आणि पक्षी तर तेव्हाही खाल्ले जात. जिब्राल्टरच्या गोरहॅम गुहेत पारव्यांच्या हाडांवर कापल्याच्या, भाजल्याच्या आणि दातांच्या खुणा मिळाल्या आहेत. ते खाणारे निअँडरथल होते, म्हणजे आता नामशेष झालेले आपले आदिम नातेवाईक.

धान्याच्या मुद्द्याला फार वेळ देण्याची गरज नाही. कोंबडीने टिपलेला मका तिच्या मांसात मका म्हणून राहत नाही. कातडी काढून शिजवलेल्या १०० ग्रॅम छातीच्या मांसात सुमारे ३१ ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीन ग्रॅम मेद असतो, कर्बोदकं जवळपास शून्य. रानकोंबडीसुद्धा बिया आणि किडेच टिपते.

मेदाचं मात्र वेगळं आहे. गायीच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातली मेदाम्लं बदलून टाकतात. कोंबडीत ती बरीचशी तशीच चरबीत उतरतात. त्यामुळे ओमेगा-६ ची तक्रार हवेतली नाही. पण प्रमाण बघा ना! त्याच १०० ग्रॅम छातीत ते अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. कातडीसकट मांडीत तीनेक ग्रॅम. आणि पॅलिओत बिनदिक्कत चालणाऱ्या मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बदामांत साडेतीन ग्रॅमहून जास्त. रोज दोन्ही वेळा कातडीसकट चिकनच खाल्लं आणि मासे कधीच नाहीत, तर ओमेगा-६ आणि माशांतून मिळणारं ओमेगा-३ यांचा तोल बिघडेल. मग कातडी काढा, आठवड्यात मासे आणा. चिकन का सोडायचं?

हार्मोनचा दावा सर्वांत जास्त भीती घालतो, आणि सर्वांत पोकळही तोच आहे. अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन देण्यावर १९५० च्या दशकापासून बंदी आहे. युरोपीय संघातही वाढीसाठी हार्मोन वापरता येत नाहीत. मग कोंबडी इतकी मोठी कशी होते? कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ च्या वाणांची पिल्लं एकाच पद्धतीने, एकाच खाद्यावर वाढवली. ५६ व्या दिवशी त्यांची वजनं भरली ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम. हा सगळा फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. या झपाट्याच्या वाढीने पक्ष्याच्या पायांवर आणि हृदयावर ताण येतो, त्याबद्दल जरूर बोला. अँटिबायोटिकच्या वापराबद्दलही बोला. पण त्या तक्रारी वेगळ्या, त्या हार्मोनच्या नावावर खपवू नका.

चिकन पॅलिओबाहेर जातं ते स्वयंपाकघरात आणि कारखान्यात: मैद्याचं आवरण, दह्याचं मुरवण, साखर घातलेले सॉस, पाकीटबंद तुकड्यांत टोचलेलं मिठाचं पाणी आणि स्टार्च. पाकिटावरची घटकांची यादी वाचली की हे सगळं दिसतं. त्या संदेशात याबद्दल एक ओळही नाही.