३५ इंची टायर का लावले नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या टोयोटा हायलक्सच्या कामाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की जुनी पिकअप एकतर कारखान्यातून आली तशी जपावी, नाहीतर हात न आखडता मॉडिफाय करावी. मी धड दोन्हीपैकी काहीच केलं नाही. मेहनत सगळी गंज आणि ब्रेकमध्ये घातली, लिफ्ट केली, म्हणजे चाकांवरून बॉडी उचलली, ती जेमतेम २ इंच, आणि टायर लावले ३१ इंची. तुमच्या स्वतःच्या, त्याच बांधणीच्या पिकअपवर ३५ इंची टायर आणि ५ इंचांची लिफ्ट आहे. शिवाय चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, घरी वेल्डिंग करणं हा बेजबाबदारपणा आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

वेल्डिंगचं आधी बोलू, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. नवशिक्याने पहिला टाका चॅसीवर घालू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण घरी केलेलं प्रत्येक वेल्डिंग धोक्याचं आणि बाहेरून करून आणलेलं सुरक्षित, हे मान्य नाही. धोका ठरतो तो जोड कुठे आहे, पट्टी कशी कापली आहे आणि खालचं लोखंड किती शाबूत आहे यावर.

या पिकअपच्या चॅसीचा बराच भाग बंद पेटीसारखा असतो. चिखल आत शिरतो, पाणी जायची भोकं बुजतात, आणि लोखंड आतून बाहेर सडत येतं. वरून रंग चांगला दिसतो. म्हणून मी रंगावर विश्वास न ठेवता हातोडीने वीत-वीत अंतरावर ठोकत गेलो. चांगलं लोखंड खणखणतं. पोपडे धरलेलं लोखंड मुका आवाज देतं. जिथे मुका आवाज आला तिथला पत्रा पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत कापून काढला. गंजक्या कडेला पट्टी चिकटवली तर टाका धरल्यासारखा दिसतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कडेपासून फाटतो.

पट्टीचा आकार हा त्याहून महत्त्वाचा मुद्दा. चौकोनी तुकडा लावून त्याच्या उभ्या कडेवर वरपासून खालपर्यंत सरळ टाका मारला, की चॅसीचा सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. टाक्याच्या शेजारचं, तापून गेलेलं लोखंड आधीच बदललेलं असतं, आणि तडा नेमका तिथेच जातो. म्हणून पट्टीची टोकं निमुळती कापायची, म्हणजे ताण एकदम न बदलता हळूहळू पट्टीवर उतरतो. पट्टी मूळ पत्र्याएवढ्याच जाडीची हवी. दुप्पट जाड पट्टी लावली तर ती स्वतः वाकत नाही आणि शेजारच्या जुन्या लोखंडाला वाकायला लावते. टाके लहान-लहान, जागा बदलत. चॅसी पिळली का हे कळायला तिचे कर्ण आधी मोजायचे आणि काम झाल्यावर पुन्हा मोजायचे. बॅटरी काढलेली, इंधनाची टाकी उतरवून लांब ठेवलेली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, तिच्यात वाफ भरलेली असते. आणखी एक गोष्ट, कारण ती फार कमी लोक सांगतात: क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने जागा पुसून लगेच वेल्डिंग करू नका. त्या उष्णतेत फॉस्जीन तयार होतो, आणि तो विषारी वायू आहे.

माझ्या चॅसीवर पाट्यांचे, म्हणजे गाडी तोलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांचे, हँगर आणि स्टिअरिंग बॉक्स या दोन्ही जागा शाबूत होत्या. त्या सडलेल्या असत्या तर पट्टी न लावता मी दुसरी चॅसी शोधली असती. त्या ठिकाणी घरच्या वेल्डिंगला माझाही विरोधच आहे.

आता टायर. तुमची-माझी खरी तफावत इथे आहे.

सॉलिड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या ॲक्सलला जोडलेल्या, गाडीत लिफ्टमुळे डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलच्या मधला, चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा) जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. वर जाते ती चॅसी आणि बॉडी. गोळा उचलतो तो फक्त टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच. माझ्या गाडीचे जुने टायर साधारण २८ इंची होते. ३१ इंचीने मला गोळ्याखाली दीड इंच मिळाला, ३५ इंचीने साडेतीन इंच मिळाले असते. वरचे दोन इंच मोठे आहेत, खडकाळ वाटेवर त्यांचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण त्यांची किंमत गाडीचा कोणता भाग चुकवतो, हे बघायला हवं.

२८ वरून ३५ म्हणजे चाक सव्वापट. माझा फायनल ड्राइव्ह, म्हणजे शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं तो आकडा, ४.१० चा होता. सव्वापट चाकावर तो ३.२८ सारखा वागतो. म्हणजे चढावर जिथे दुसरा गिअर पुरायचा तिथे पहिला लागणार, आणि सगळ्यात कमी वेगाचा लो-रेंजचा पहिला गिअरही आधीपेक्षा जास्त वेगाचा होणार. ऑफ-रोडला जी हळू, काबूतली चाल हवी असते, तीच गेली. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी ७५ ने धावत असते. आणि ब्रेकमध्ये काहीच बदललं नाही असं धरलं, तर तेवढ्याच पेडलला जमिनीवर मिळणारा रोध एक पंचमांशाने घटतो, कारण ब्रेकचा पीळ तोच राहून चाकाची त्रिज्या वाढलेली असते. जड टायर फिरता थांबवायला लागणारा जोर वेगळाच.

३१ इंची टायरवर मी क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली हा आकडा ठरवणारी गिअरची जोडी, बदलून ४.५६ चा बसवला. गणित करून बघा: ४.५६ ला ३१ ने भागून २८ ने गुणलं की ४.१२ येतं. म्हणजे गाडीची ओढ जवळजवळ जशी होती तशी, आणि स्पीडोमीटरही आपोआप बरोबर, कारण त्याची केबल डिफरन्शियलच्या आधीच्या शाफ्टवरून फिरते. टायर आणि क्राऊन-पिनियन हा माझ्या लेखी एकच बदल आहे. त्यातलं निम्मं करणं मला पटत नाही, आणि ३५ इंचीसाठी पूर्ण करायचं तर क्राऊन-पिनियनवर ते थांबत नाही. पुढच्या ॲक्सलच्या टोकाला, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या गोळ्यात, बर्फील्ड जॉइंट असतो, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, चाक खडकाला अडलेलं आणि पायाखाली ॲक्सिलरेटर, अशा वेळी तो फुटतो. टायर जितका मोठा आणि जड, तितका तो लवकर फुटतो. मग मजबूत जॉइंट, मग ॲक्सल शाफ्ट, मग स्टिअरिंग. एका जागचा ताण काढला की तो पुढच्या कमजोर जागी जाऊन बसतो. तो कुठे थांबवायचा हे मालकाने ठरवायचं असतं, आणि मी तो ३१ वर थांबवला.

लिफ्टबद्दलही हाच विचार. लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला टांगणारी कडी) लावून उंची वाढवणं सोपं, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. पण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं, त्यामुळे १ इंच उंचीसाठी शॅकल २ इंच लांब लागतो, आणि पुढच्या पाट्यांचा शॅकल पुढच्या टोकाला असेल तर ॲक्सल पुढे झुकून कॅस्टर, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल, कमी होतो. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भरकटतं, वळणानंतर आपणहून परत येत नाही. मी शॅकल मूळ लांबीचेच ठेवले आणि पाटे बदलले. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये ठोकळे लावून उंची वाढवणं पुढच्या ॲक्सलवर तर मी कधीच करणार नाही. मागेही ठोकळ्यामुळे ॲक्सल पिळतो आणि चाकं उड्या मारतात.

५ इंचांच्या लिफ्टवर एक साधा हिशेब मांडतो. समजा दोन चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० वर. कागदावर अशी गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर उलटण्याच्या बेताला येते. लिफ्ट आणि मोठे टायर मिळून गुरुत्वमध्य १५० मिलिमीटर वर गेला असं धरलं, की तोच कोन ४० च्या आत येतो. प्रत्यक्षात उताराकडचे पाटे आणि टायर दबतात, त्यामुळे दोन्ही आकडे आणखी खाली येतात. आडव्या उतारावर हौद्यात सामान भरलेली पिकअप चालवणाऱ्याला या पाच-सहा अंशांची किंमत वेगळी सांगायला नको.

ब्रेकवर मी एवढा वेळ का घालवला, याचं उत्तर यातच आलं. तरी एक भाग सांगायलाच हवा, कारण लिफ्ट केलेल्या अनेक गाड्यांत तो तसाच राहतो. या पिकअपच्या मागच्या ब्रेकच्या लाइनमध्ये भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही गाडी ५ इंच उचललीत तर व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायम रिकामा आहे, आणि तो मागचा दाब कापतो. माल भरलेला असो वा नसो. माझ्या २ इंचांच्या लिफ्टलासुद्धा मी त्याचा ब्रॅकेट तेवढाच सरकवला. ब्रेकचे पोलादी पाइप सगळे काढून तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे टाकले, टोकं डबल फ्लेअर करून, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवून. पुढे व्हेंटिलेटेड, म्हणजे मधून हवा खेळणाऱ्या, डिस्क आणि त्यांना चिमटणारे मोठे कॅलिपर बसवले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट ३ ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी धरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. लांब उतारावर पेडल अचानक पोकळ लागतं ते यामुळे. ही कामं फोटोत दिसत नाहीत, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

मूळ रूपाच्या आग्रहाबद्दल. संग्रहात ठेवायच्या गाडीला तो आग्रह शोभतो, आणि अशा गाड्या जपणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ही पिकअप ओझं वाहायला आणि वाईट वाटांवर जायला बनली होती, आणि मला ती तेच करताना हवी आहे. तापून कडक झालेल्या, आवरण तडकलेल्या वायरिंगमध्ये जपण्यासारखं काही नव्हतं. हेडलाइटचा सगळा करंट त्या जुन्या स्विचमधून जात होता. तिथे रिले टाकले, म्हणजे आता जड करंट स्विचऐवजी त्यांच्यातून जातो. इंजिन मात्र तेच आहे, गिअरबॉक्स तोच, हौद्याचे पत्रे तेच, डाव्या बाजूचा जुना पोचा आणि उन्हाने उडालेला रंगही तसाच. कॅलिपर, पाटे, क्राऊन-पिनियन हे सगळं बोल्टने बसतं; जुने भाग तेल लावून, गुंडाळून ठेवले आहेत. पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करावीशी वाटली तर त्याला ग्राइंडर हातात घ्यावा लागणार नाही. मोठ्या टायरसाठी मडगार्ड कापले असते तर ती सोय उरली नसती. ३५ इंची टायर न लावण्याचं हेही एक कारण, आणि माझ्यासाठी लहान नाही.

शेवटी तुमच्या गाडीबद्दल एक विनंती, काळजीपोटी. तुम्ही लिहिलंय की स्टिअरिंग मूळ पद्धतीचंच आहे, पुढे-मागे ढकलणाऱ्या दांड्याचं, आणि हल्ली खड्ड्यात हिसका बसतो. ५ इंच लिफ्टमुळे तो दांडा तिरपा झाला असणार. चाक वर-खाली झालं की तिरपा दांडा स्टिअरिंग आपणहून ओढतो. पण फक्त तेवढ्यावर समाधान मानू नका. ३५ इंची टायर या चॅसीला स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती तडे पाडू शकतात. तिथला चिखल धुऊन रंग खरवडा. मग गाडी सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून उभी करा. कुणाला तरी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही बाजूने, चाकापासून दूर राहून टॉर्चच्या उजेडात बॉक्सच्या पायथ्याकडे बघा. बोल्ट घट्ट असूनही बॉक्सबरोबर पत्रा श्वास घेतल्यासारखा हलत असेल किंवा केसाएवढी रेघ दिसली, तर ती गाडी रस्त्यावर आणू नका. तिथे नुसता टाका भरून चालत नाही: तड्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवावा लागतो, आणि वरून बॉक्सच्या बोल्टांचा ताण लांबवर पसरवणारी प्लेट लागते. हे काम चॅसीचा अनुभव असलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. तोवर तुमच्याकडे जुने, लहान टायर असतील तर तेच चढवा, आणि तपासल्यावर काय दिसलं ते मला जरूर कळवा.