भाकरी, हिंग आणि शंभर मिली

मला सिलिॲक आहे, गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आजार. म्हणजे गहू, मैदा, रवा, जव सगळं बंद. ‘थोडंसं खाल्लं तर काय होतंय?’ असं विचारणाऱ्या मावश्यांना आता मी उत्तरच देत नाही.

तर फ्रँकफर्टच्या विमानासाठी पहाटे चारला उठून ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या. बटाट्याची भाजी केली, तीही हिंग न घालता. कारण बाजारातल्या बहुतेक डबीबंद हिंगात गव्हाचं पीठ असतं, हे लोकांना पटतच नाही! सोबत घट्ट दही. विमानतळावर तपासणीत तेवढंच अडलं. दही म्हणे द्रवपदार्थ. अहो, डबा उलटा धरला तरी पडत नव्हतं! बरं, हातातल्या सामानात द्रवपदार्थ शंभर मिलीपर्यंतच, आणि हा नियम डब्याच्या मापाला, आतल्या दह्याला नाही. दोनशेच्या डब्यात चार चमचे असले तरी गेलंच. गेलं.

उरली भाकरी-भाजी. सकाळची मऊसूत भाकरी दुपारपर्यंत पापडासारखी कडक झालेली, दह्याशिवाय घशाखाली उतरेना. ग्लुटेनमुक्त जेवण तीन दिवस आधी नोंदवलं होतं, फोन करून खात्रीही केली होती. ट्रे आला. भात, उकडलेल्या भाज्या, आणि बाजूला ऐटीत बसलेला मैद्याचा पाव. हवाईसुंदरीला दाखवला तर गोड हसून म्हणाली, ‘मॅम, पाव बाजूला काढून ठेवा ना!’

भाताला चिकटलेला चुरा कोण वेचणार, तू?

परतीला राजगिऱ्याचे लाडू. फक्त लाडू.